केरूतात्यांचा पिंपळ

केरूतात्यांच्या मुलाचा, मिलिंदचा, फोन आला तेव्हा मी तूरडाळ निवडत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. "बाई, तात्या गेले," एवढंच तो म्हणाला, मग पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला. माणूस गेल्याची बातमी आली की पहिल्यांदा मनात काय येतं, हे सहसा कुणी खरं सांगत नाही. मी सांगते. माझ्या मनात आलं, बरं झालं, आता त्यांना ते सांगावं लागणार नाही. नंतर मी डाळीचं ताट बाजूला सारलं आणि रडले, चांगला अर्धा तास रडले. पण ते नंतर. आधी हायसं वाटलं. आज त्या गोष्टीला पाच आठवडे झाले, आणि त्या हायसं वाटण्याची शरम काही जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

केरूतात्या म्हणजे आमच्या पारनेर तालुक्यातल्या एका वनउद्यानाचे राखणदार. सरकारी भाषेत वनमजूर. त्या डोंगराला गावातले लोक लेण्याचा डोंगर म्हणतात. खालून तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. वर गेलं की मोठी सपाटी, तिच्यावर खात्याने लावलेले कडुनिंब, करंज, शिवण. मुलांसाठी दोन झोपाळे, त्यातला एक कायम तुटलेला. कड्याच्या पोटात काळ्या खडकात कोरलेल्या तीन खोल्या आहेत, आणि मधल्या खोलीत छातीएवढा एक स्तूप, अर्धवट सोडलेला. सपाटीच्या टोकाला गावातल्या बौद्ध वस्तीने स्वतः विटा वाहून बांधलेला पत्र्याचा लहानसा विहार. तात्या रोज सकाळी वर जाऊन आधी विहार झाडत, मूर्ती पुसत, मेणबत्ती लावत आणि मग सरकारी कामाला लागत. स्तूप अर्धा का राहिला असं मुलांनी विचारलं की म्हणत, "करनाऱ्याला घरून बोलावनं आलं आसंल. मानसाचं काय सांगता येतंय!"

मी पारनेरच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. दर हिवाळ्यात सातवीची सहल त्या डोंगरावर न्यायची हा माझा शिरस्ता. कारण आपला अख्खा जिल्हा ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर बसला आहे हे फळ्यावर सांगून मुलांना पटत नाही. तिथे कड्यात एकावर एक थर दिसतात, दोन थरांच्या मधली तांबडी माती दिसते, खडकातल्या पोकळ्यांत साठलेले पांढरे स्फटिक दिसतात. पहिल्याच वर्षी आम्ही वर पोचलो तर तात्या माझ्या आधी मुलांना गोळा करून सांगत होते की सपाटीवरचं पाण्याचं टाकं म्हणजे ज्वालामुखीचं तोंड. मी तेव्हा तिशीतली, नाकाच्या शेंड्यावर राग. सगळ्या मुलांसमोर मी त्यांना म्हटलं, "अहो, काहीतरी सांगू नका. आपल्याकडे तोंडाबिंडातून नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा आला. ते टाकं माणसांनी खोदलंय." मला वाटलं, आता हा माणूस पुढच्या वर्षी फाटक उघडायचा नाही. पुढच्या वर्षी आम्ही गेलो, तर पायऱ्यांपाशीच त्यांनी दुसऱ्या एका शाळेची पोरं धरलेली आणि सांगत होते, "तोंडातून न्हाई बरं का, भेगातून आला. पारनेरच्या बाई सांगत्यात." मला बघून त्यांनी टोपी नीट केली. तिथून आमची दोस्ती झाली. मी लाव्ह्याचं सांगायचं आणि त्यांनी बुद्धाचं, अशी वाटणीच करून टाकली आम्ही. "एवढ्या आगीवर बसून बी हसतोय बगा," मूर्तीकडे बोट दाखवून ते मुलांना म्हणत, आणि मुलं माझे साडेसहा कोटी वर्षांचे आकडे विसरून तेवढंच लक्षात ठेवत.

दोस्ती म्हटलं खरं, पण तीत माझ्याकडून खोट होती. पहिली कित्येक वर्षं मी त्यांच्या डोंगरावरच्या राखणीच्या झोपडीतलं पाणी प्यायले नाही. बाटली घरून न्यायची. बाहेरचं पाणी मला बाधतं, असं मी सांगत असे, आणि ते सगळंच खरं नव्हतं हे त्यांनाही कळत होतं. एका वर्षी बाटली पायऱ्यांवर फुटली. वर पोचेपर्यंत घसा कोरडा. तात्यांनी माठातला तांब्या पुढे केला आणि दुसरीकडे बघत उभे राहिले, म्हणजे मला नाही म्हणायचं असलं तर म्हणता यावं. मी प्यायले.

आता पिंपळाचं. मधल्या लेण्याच्या दाराच्या वर, खडकाच्या एका चिरेत, एक पिंपळ होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षी सहल नेली तेव्हा मला दिसलं की त्याचं मूळ दाराच्या चौकटीत शिरलंय आणि कोरीव भिंतीला बोटभर तडा गेलाय. मला तर आयता धडाच मिळाला. मुलांना उभं करून मी सांगितलं, झाडाची मुळं खडक कसा फोडतात ते बघा, याला विदारण म्हणतात, शंभर वर्षांत ही भिंत राहणार नाही. तात्या शेजारी उभे होते. मी घरी आले आणि संबंधित कार्यालयाला अर्ज लिहिला. चांगल्या अक्षरात, आकृतीसह, तडा कुठून कुठवर गेलाय त्याचे बाण काढून. प्राचीन वारसा, भावी पिढ्या, सगळं घातलं त्यात. निवृत्तीला आलेल्या शिक्षकांना अशा अर्जांची फार हौस असते. तात्यांना मी विचारलं नाही. त्या डोंगरावर रोज चढणाऱ्या माणसाला डोंगराबद्दल विचारावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी निवृत्त होते, सहल नव्हती, म्हणून एकटीच गेले. तात्यांनी चुलीवर चहा केला. आम्ही लेण्यासमोर बसलो होतो. सहज बोलता बोलता ते म्हणाले, "बाई, त्या पिंपळाच्या बुडात माझा बाप हाय." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील जन्मभर रस्त्यांवर खडी फोडायचे. ते गेले तेव्हा त्यांच्या अस्थी नदीत सोडायच्या नाहीत असं घरात ठरलं. "नदीत सोडून काय उपेग? झाडाला तरी लागत्याल." ही त्यांच्या वस्तीतली रीतच होती, अस्थी झाडाच्या बुडाशी ठेवायची. तात्यांनी पुलाच्या भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं रोप अलगद काढलं, त्या चिरेत अस्थी आणि माती भरली आणि वर रोप लावलं. दोन उन्हाळे खालून कॅनमध्ये पाणी वाहून घातलं. "जलमभर दगड फोडत हुता. म्हनलं, आता बस निवांत, झाड करील तुजं काम," असं म्हणून ते हसले.

तेव्हा सांगायला हवं होतं. चहाचा कप माझ्या हातात होता, शब्द अगदी तोंडाशी आले होते... आणि मी म्हणाले, चहा छान झालाय. परत येताना एसटीत मी ठरवलं की दुसरं पत्र लिहून अर्ज मागे घ्यायचा. ते पत्र मी लिहिलं नाही. आधी लाज वाटली, की आपणच केलेला अर्ज मागे कसा घ्यायचा. मग आळस. आणि मग माझी मीच समजूत घातली, की सरकारी कचेरीत गेलेला कागद, त्याच्यावर दहा कागद पडले असतील, कोण वाचतंय! आपल्याकडची माणसं सरकारच्या दिरंगाईवर जेवढी विश्वासून असतात तेवढी देवावरही नसतात. एक वर्ष गेलं, दोन गेली, काही झालं नाही. सात वर्षं गेली. अर्ज केला होता हे मी विसरूनही गेले.

दरम्यान तात्यांच्या छातीने दगा दिला. वनखात्यात दर हिवाळ्यात जाळरेषा काढतात, म्हणजे वणवा वर चढू नये म्हणून डोंगराच्या कडेने गवताचे पट्टे आपणच आधी जाळून टाकायचे. तीस वर्षं ते हातात ओल्या फांद्या घेऊन त्या धुरात उभे राहिले, वर बिडी. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेली. डोंगराच्या पायथ्याच्या घरात, पुढच्या खोलीत खाटेवर, नाकात नळी आणि शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. खाटेवरून दारातून डोंगर दिसायचा, पण लेणी पलीकडच्या अंगाला. पिंपळ दिसत नसे. मी पंधरा दिवसांनी एसटीने जायची. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "वर जाऊन आला का?" माझे गुडघे आता सत्तरीकडे चाललेले, पण त्यांच्यासाठी मी चढायची, आणि खाली येऊन करंजाला मोहोर आला का, टाक्यात पाणी किती, विहारात कुणी मेणबत्ती लावली का, सगळं सांगायची. त्यांना दोन वाक्यं बोलली की धाप लागत असे. म्हणून मीच बोलत राहायची.

गेल्या दिवाळीनंतर अशीच वर गेले, तर लेण्यासमोर एवढा उजेड कसा, हे मला पहिल्यांदा कळेना. मग वर बघितलं. पिंपळ नव्हता. खडकाच्या चिरेत हातभर खोड उरलं होतं, त्याला भोकं पाडून आत औषध ओतलेलं, पुन्हा फुटू नये म्हणून. भिंतीतला तडा सिमेंटने सुबक बुजवलेला. शेजारी नवीकोरी पाटी, वास्तूच्या संरक्षणासाठी वगैरे. काम नीटच केलं होतं त्यांनी, मी अर्जात लिहिलं होतं अगदी तसं. मी खालीच बसले.

खाली आले. तात्यांची बायको, यमुनाबाई, मला पाणी द्यायला आत गेली. तात्यांनी नळी जरा बाजूला केली. "पिंपळ कसा हाय?"

"छान आहे," मी म्हणाले.

"पानं हाईत?"

"भरपूर."

"एक आनायचं की..."

विसरले, असं मी सांगितलं. पुढच्या वेळी नक्की आणीन म्हणाले. पुढच्या वेळी मी तहसील कचेरीच्या आवारातल्या पिंपळाचं पान तोडलं, पिशवीत घातलं आणि घेऊन गेले. वर चढलेसुद्धा नाही. चढून आल्याचं सांगितलं. या वयात, ज्या पोरांना खोटं बोलल्याबद्दल मी छड्या मारल्या त्यांच्याहून सराईतपणे.

तात्यांनी पान हातात घेतलं. उलटंसुलटं केलं, शिरेवरून बोट फिरवलं. मग ते माझ्याकडे बघायला लागले आणि मला वाटलं, संपलं, कळलं यांना. ते म्हणाले, "बाई, लई मोठं पान हाय हो."

मी पिशवीची घडी घालायला लागले.

"खडकातल्या झाडाचं पान एवढं हुत न्हाई. बारकीच असायची त्याची पानं." त्यांना धाप लागली. यमुनाबाई धावली, त्यांनी हातानेच तिला थांबवलं. डोळे नुसते लकाकत होते. "म्हंजी मुळी पार खाली गेली! पानी लागलं त्याला. आगं, पानी लागलं पिंपळाला!"

दिवसभर येईल-जाईल त्याला त्यांनी ते पान दाखवलं; ते खाटेला लागल्यापासून वर फारसं कुणी जात नसे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. त्याआधी त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं की माझं काही झालं तर मला शेतातल्या निंबाखाली ठेवा, वरचं झाड अशक्त आहे, त्याला दोघांचा भार नको. त्या दिवशी त्यांनी ते बदललं. चाकणहून मिलिंद आला होता, त्याला खाटेशी बोलावून माझ्यासमोर म्हणाले, "आता झाड पक्कं झालंय. मला बी तितंच ठिव, बापाजवळ." मिलिंद मला एसटीपर्यंत सोडायला आला. हा माझाच विद्यार्थी, सातवीत पहिल्या बाकावर बसायचा. दहा मिनिटांची वाट होती. मी त्याला कंपनीतल्या पाळ्या विचारल्या, भाडं किती पडतं विचारलं. एसटी आली, मी चढले.

त्यानंतर ते चार महिने जगले. त्या चार महिन्यांत मी आठ वेळा गेले असेन, आणि आठही वेळा पारनेरहून सांगायचंच असं ठरवून निघाले. पण पान उशाशी असायचं. वाळलं, तरी त्यांनी ते टाकू दिलं नाही. त्या पानाबद्दल बोलताना त्यांना धाप कमी लागते, असं यमुनाबाईचं म्हणणं होतं. आता तुम्हीच सांगा, कोणत्या तोंडाने सांगायचं होतं मी? आणि न सांगून तरी काय साधलं?

तात्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्धांतल्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला, वस्तीतले लोक चार चांगले शब्द बोलले, मलाही बोलायला लावलं. मी लाव्ह्याची आणि टाक्याची गोष्ट सांगितली, सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद आणि मी अस्थी घेऊन वर निघालो. यमुनाबाईला पायऱ्या होत नाहीत. तिने पांढऱ्या कापडात बांधलेलं मडकं आधी माझ्या हातात दिलं. "तुमच्या हातानं ठिवा बाई. त्यान्ला तुमचं लई कवतिक."

प्रत्येक वळणावर मी ठरवत होते, आता सांगायचं. तांबड्या मातीच्या थरापाशी आम्ही दम खायला थांबलो. मी तोंड उघडलं आणि चक्क थराची माहिती सांगायला लागले, दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात ही माती कशी तयार झाली ते. मिलिंद म्हणाला, "ठाव हाय बाई. तुमीच शिकवलंय." मग आम्ही वर गेलो.

खोडासमोर तो उभा राहिला. आधी त्याने इकडे तिकडे बघितलं, आपण चुकीच्या लेण्यापाशी आलो की काय म्हणून. मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं, अर्जापासून पानापर्यंत, एकही गोष्ट न गाळता.

"तात्यान्ला सांगितलं हुतं का?"

"नाही."

"मग मला तरी कशाला सांगितलं, बाई?"

त्याने माझ्या हातातलं मडकं घेतलं आणि विहाराच्या पायरीवर मांडीवर घेऊन बसला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं मला. मग म्हणाला, "आता आईला काय सांगू?" आणि मग आम्ही दोघांनी मिळून, गुरू आणि शिष्याने, पुढचं खोटं ठरवलं... वर काम चाललंय, लेण्याकडं कुणाला सोडत नाहीत, काम संपलं की ठेवू. निंबाखाली ठेवलं तर यमुनाबाई विचारणार, त्यांनी पिंपळ सांगितला होता ना? दुसरा पिंपळ त्या चिरेत लावायला आता परवानगी मिळणार नाही. नवी पाटीच तशी आहे, आणि त्या पाटीत माझ्या अर्जातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरलं आहे. मिलिंदची रजा संपली होती. आईला तो चाकणला घेऊन चालला होता, आणि तिथल्या एका खोलीत मडकं तिच्या डोळ्यांसमोर ठेवायची त्याची हिंमत होईना. "तुमच्याकडं ठिवा," तो म्हणाला. "आन् काय करायचं ते तुमीच ठरवा."

मी काहीही ठरवलेलं नाही. मडकं माझ्या पुढच्या खोलीत, भिंतीतल्या फळीवर आहे. आल्यागेल्याला मी सांगत नाही ते काय आहे. दर रविवारी यमुनाबाईचा फोन येतो.

"वरचं काम झालं का वं बाई?"

"नाही अजून."

"हू द्या सावकास. पर त्यान्ला उनात ठिवू नका हां. शेवटी शेवटी त्यान्ला ऊन आजिबात सोसत नव्हतं."

माझी ती खोली पश्चिमेची. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन खिडकीतून आत येतं आणि फळीवर सरकत जातं. तो फोन आल्यापासून मी रोज तीनला उठते आणि मडकं फळीच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत ठेवते; संध्याकाळी पुन्हा जागेवर. काल जेवल्यावर जरा पडले तो डोळा लागला. जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. धडपडत उठून गेले. अख्ख्या फळीवर ऊन पसरलं होतं. मी कापडावर हात ठेवला, तर मडकं चांगलंच तापलं होतं.

"चुकलं हो माझं, तात्या," मी म्हणाले, आणि त्यांना उचलून आत, अंधाऱ्या खोलीत नेलं.